शपथ नको, हिशोब शिकवा

आमच्या माहूरच्या पोरांशी दारूबद्दल दोनच जण बोलतात. एक, शाळेत येऊन उजवा हात पुढे करायला लावणारे, व्यसनमुक्तीची शपथ देणारे पाहुणे. दुसरा, ‘आज बसायचं का?’ विचारणारा दोन वर्षांनी मोठा मित्र. पाहुणे शपथ, सत्कार, चहा उरकून निघून जातात. मित्र रात्रभर सोबत असतो. कोण जिंकणार, सांगायला नको.

मी रेणुकामातेच्या गडाच्या पायथ्याशी राहतो. इथं हा विषय काढला की मोठी माणसं म्हणतात, ‘तीर्थक्षेत्र आहे, पोरांच्या डोक्यात नसतं ते कशाला भरता?’ जणू पोरांच्या डोक्यात आतापर्यंत फक्त आरतीच आहे!

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात इथेनॉलचं रेणुसूत्र आहे. दुसऱ्या भागात ‘सामाजिक आरोग्य’ नावाचं प्रकरण आहे. या दोन भागांच्या मधे जे गणित यायला हवं, ते कुणीच शिकवत नाही. म्हणून इथं मांडतो. व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल. म्हणजे साधारण ६१ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, तरीही ‘बिअरच तर आहे’ हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असेलच. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम निपटतं. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही त्याचा वेग वाढत नाही. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत, कधी उजाडल्यावरही रक्तात असते. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. साठ किलोच्या पोरानं घाईत क्वार्टर संपवली, तर तो त्या मर्यादेच्या चौपट-पाचपट जातो. आणि मग दत्तशिखराच्या वळणांवर बाईक काढतो.

आता कुणी म्हणेल, हा पोरांना प्यायला शिकवतोय. नाही. ‘जबाबदारीने प्या’ हे कंपन्यांचं वाक्य मला शपथेइतकंच खोटं वाटतं. विकणाऱ्यानं नफा घ्यायचा आणि जबाबदारी पिणाऱ्याच्या गळ्यात बांधायची! जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. ‘सगळेच पितात’ हेही खोटं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातले १८.८ टक्के पुरुष पितात असं निघालं. पाचातला एकसुद्धा नाही. नाही म्हणणारा पोरगा बहुमतात असतो, हे त्याला कुणी सांगतं का?

कायदा तर आमच्याकडे कडक आहे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि व्हिस्कीला २५ वर्षं पूर्ण लागतात, वर परवाना. पंचविशीत माणूस आमदारकीला उभा राहू शकतो, म्हणजे विधानसभा आणि क्वार्टर एकाच दिवशी खुली होते. दुकानावर वय कोण विचारतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड-कोलाम वस्त्यांवर मोहाची दारू आधी देवाला, पूर्वजांना वाहिली जायची, मग माणसांना. त्या मोहानंही घरं बुडवली, मी गोडवे गात नाही. पण तिथं प्रसंग होता, वडीलधारे समोर होते. शेताच्या धुऱ्यावर मोबाइलच्या उजेडात फुटणाऱ्या क्वार्टरला यातलं काहीच नाही.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीनं दोघांचा जीव गेला. तो दारू पिऊन होता, असा आरोप. जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. देश हसला, चिडला. पण अपघाताआधी आपण आपल्या पोरांकडून एक तरी पान लिहून घेतलंय का?

निदान एवढं तरी सांगा. मित्र बेशुद्ध पडला तर त्याला उताणं झोपवू नका. कुशीवर वळवा, नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाते. हलवूनही उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर १०८ लावा. ‘झोपू दे, उतरेल सकाळी’ म्हणून एकटं सोडू नका. पोरांना हे माहीत नसतं असं नाही, कधीकधी माहीत असतं. तरी फोन होत नाही, कारण घरी कळलं तर बाप फोडून काढेल. तेव्हा बापांनो, आज जेवताना पोराला सांगून टाका: कितीही वाजले तरी फोन कर, आधी घ्यायला येतो, बोलायचं ते उद्या बोलू.