ट्रेनर मित्रांनो, प्रोटीनच्या पुढचंही वाचा

गेल्या व्हिडिओत आपण छोट्या जिमचा हिशोब मांडला. भाडं, मशीनचे हप्ते, लाईट बिल, फी. एक मुद्दा वेळेअभावी राहिला, तो इथं लिहितो. पर्सनल ट्रेनर म्हणून मोठं व्हायचं असेल तर फक्त व्यायाम आणि आहारावरची पुस्तकं वाचून भागणार नाही. कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रं वाचायला लागा.

"सर, कादंबरी वाचून कुणाचं वजन कमी होतंय का?" असं तुम्ही विचाराल. नाही होत. पण साधं गणित बघा. समजा तुमची फी महिना 800 रुपये आहे. तीन महिन्यांत सोडून जाणारा माणूस 2,400 देतो, वर्षभर टिकणारा 9,600. स्क्वॉट दोघांनाही तुम्ही तोच शिकवला. मग एक का टिकला आणि दुसरा का गेला? याचं उत्तर स्नायूंच्या तक्त्यात सापडत नाही, ते माणसात असतं. आणि माणूस समजायला गोष्टीसारखा दुसरा स्वस्त क्लास नाही.

सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पासून करा. 1955 सालची छोटीशी कादंबरी आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. हे औंध म्हणजे साताऱ्याकडचं, आपलं औंढा नव्हे. शाळेत पोरंच नाहीत, कारण पोरं मेंढरांमागं. मास्तर भाषण ठोकत नाही. लोकांची बारीकसारीक कामं करतो, त्यांच्यात बसतो, हळूहळू विश्वास कमावतो. पुढं तर त्याच लोकांना जमवून गावात तालीम बांधतो! म्हणजे आपल्याच धंद्याची गोष्ट की हो. त्या संस्थानचे खरे राजे, भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक होते. कादंबरीतही राजेसाहेब तालमीसाठी वाडीवर येतात.

पण खरा धडा पुढं आहे. दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. लोक आळशी झाले म्हणून जात नाहीत, चारा-पाणी संपलं म्हणून जातात.

आता हे आपल्या हिंगोलीत आणून बघा. सोयाबीनचा भाव पडला की फी थांबते. हळदीची काढणी आणि शिजवणी सुरू झाली की वसमतकडचा गडी पंधरा पंधरा दिवस दिसत नाही. आपण लगेच म्हणतो, "याला डेडिकेशनच नाही." अहो, तो दिवसभर हळदीच्या कढईपाशी राबतोय! त्याला त्या दिवसांत वीस मिनिटांचं कंबर-खांदे मोकळे करायचं वेळापत्रक द्या, फी पुढच्या महिन्यात घ्या. तो परत येईल, भावालाही घेऊन येईल.

दुसरं पुस्तक, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. घरात बाईला काय काय सांभाळावं लागतं, कुणाकुणाच्या मर्जीनं चालावं लागतं, हे त्या हसत हसत सांगतात. तुमच्या सकाळच्या बॅचमधल्या ताई सासूबाईंचा चहा, लेकरांचे डबे उरकून येतात. त्यांना सगळ्यांसमोर "आज पुन्हा लेट?" म्हणण्याआधी दहा वेळा विचार कराल. तिसरं, अनिल अवचटांचं 'माणसं'. कष्टकऱ्याचं शरीर कशानं झिजतं ते त्यात दिसतं. दिवसभर पोती उचलणाऱ्याला डेडलिफ्टच्या आधी विश्रांती लागते, हे मग सांगावं लागत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. याचा अर्थ तांत्रिक अभ्यास सोडा असा नाही. गुडघा, मणका, बीपी, शुगर यांत चूक झाली तर समोरच्याच्या जिवाशी खेळ होतो. तो अभ्यास पक्का पाहिजे, आणि जिथं आपल्याला कळत नाही तिथं डॉक्टरकडं पाठवायचं. माझं म्हणणं एवढंच, की अभ्यासानं तुम्हाला 'काय सांगायचं' ते कळतं. 'कुणाला, कधी, कसं सांगायचं' हे गोष्टी शिकवतात.

वेळ नाही म्हणू नका. दुपारी बारा ते चार जिम रिकामीच असते, तेव्हा आपण रील बघतो. त्यातली वीस मिनिटं काढा. रोज दहा पानं झाली तरी 'बनगरवाडी' पंधरा-वीस दिवसांत संपते. विकत घ्यायला पैसे नसतील तर गावातल्या नाहीतर तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात नाव घाला. तिथली वर्गणी प्रोटीनच्या एका डब्याच्या मानानं काहीच नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: पुस्तक आणा आणि दहा पानं वाचा. मग गेल्या तीन महिन्यांत जिम सोडलेल्या पाच जणांची नावं वहीत लिहा. प्रत्येकाला फोन करा. फीचा विषय काढायचा नाही. फक्त विचारायचं, "दादा, कसं चाललंय?" आणि पुढं ऐकायचं.