बसवकल्याणचं पाणी कुठं जातं?

समुद्राच्या प्रदूषणाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर मुंबई येते. पावसाळ्यात भरतीच्या लाटेबरोबर चौपाटीवर येऊन पडणारा प्लास्टिकचा ढीग, किंवा २०१५पासून वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी चालवलेली सफाई. बीदर-कलबुर्गीकडच्या माणसाला वाटतं, हा किनाऱ्यावरच्यांचा प्रश्न. आपला समुद्राशी संबंध फार तर गोव्याच्या ट्रिपपुरता.

पण नकाशा उघडून बघा. बसवकल्याणहून कोकणचा किनारा सरळ रेषेत साधारण चारशे किलोमीटर. तोच आपल्याला जवळचा, तरी आपलं पाणी तिकडं जात नाही, कारण मध्ये सह्याद्री आहे. आपलं पाणी जातं उलटं, पूर्वेला, आणि तेही दोन वाटांनी. तालुक्यातल्या चुळकी नाल्याचं पाणी मांजरेच्या खोऱ्यात जातं. मांजरा पुढं तेलंगणात गोदावरीला मिळते. याच तालुक्यात उगम पावणारी मुल्लामारी मात्र हुमनाबाद, चिंचोळीकडून कागिणा नदीला, कागिणा भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे एका शेतात पडलेला पाऊस नाशिकहून आलेल्या गोदावरीत मिसळणार आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या शेतातला पंढरपूरहून आलेल्या भीमेत. दोन्हींचा शेवट बंगालच्या उपसागरात.

मग आपण टाकलेली कॅरीबॅग उपसागरात पोचते का? बहुतेक नाही, असं मला वाटतं. वाटेत धरणं किती आहेत बघा. मांजरेवर सिंगूर आणि निजामसागर, पुढं गोदावरीवर श्रीरामसागर. कृष्णेच्या वाटेवर जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर, शेवटी विजयवाड्याचा बंधारा. तरंगणारा कचरा कुठंतरी अडकतो, गाळात रुततो, काठावर सडत पडतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे: नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के प्लास्टिक जेमतेम हजारभर नद्यांमधून जातं, आणि त्यांत किनाऱ्याजवळच्या शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचा वाटा फार मोठा आहे. मुंबईजवळची उल्हास नदी त्या यादीत बरीच वर आहे. (हे आकडे मॉडेलमधून काढलेले आहेत, नदीत उतरून मोजलेले नाहीत. मॉडेल बनवण्यातच दिवस घालवणाऱ्यानं एवढं तरी सांगायला हवं.) म्हणून कॅरीबॅग बिनधास्त वापरा असं कुणी समजू नये. ती गटार तुंबवते, गुराच्या पोटात जाते. कर्नाटकानं २०१६ला बंदी घातली, महाराष्ट्रानं २०१८ला. सीमेच्या अलीकडं-पलीकडं बाजार करणाऱ्यांना दोन्ही बंद्या किती पाळल्या जातात ते चांगलं माहीत आहे.

धरणाची भिंत तरंगणाऱ्याला अडवते. विरघळलेलं पाण्याबरोबर सांडव्यावरून निघून जातं.

आपल्याकडं विरघळणारी मोठी गोष्ट म्हणजे युरिया. ४५ किलोच्या गोणीची सरकारी किंमत करांशिवाय २४२ रुपये, तर डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांच्या आसपास. शेतकऱ्याचा हात कुठल्या गोणीकडं जाणार? आणि युरिया टाकला की चार दिवसांत पीक हिरवंगार दिसतं, त्यामुळं मनाचं समाधानही होतं. आपली तूर स्वतःच्या मुळांवरच्या गाठींमधून हवेतला नत्र घेते, तिला हे फारसं लागत नाही. ऊस मात्र खादाड. हेक्टरी साधारण २५० किलो नत्राची शिफारस आहे. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर बारा गोण्या. टाकलेल्या नत्रातला तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के पिकाच्या कामी येतो. बाकीच्यातलं काही हवेत उडून जातं, काही नायट्रेट होऊन पाण्यात उतरतं.

त्यात सांडपाण्याची भर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातल्या फक्त २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रत्यक्ष प्रक्रिया होते. बाकीचं नाल्यात. त्या पाण्यात आपले पॉलिस्टरचे कपडे धुताना सुटलेले बारीक तंतूही असतात, आणि तेही डोळ्यांना दिसत नाहीत.

समुद्रात हे खत पोचल्यावर काय होतं? शेतात जे होतं तेच. शेवाळ माजतं. ते मरून तळाशी जातं, जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासा पळाला तर वाचला. अमेरिकेत आयोवासारख्या, समुद्रापासून हजार-दीड हजार किलोमीटर आत असलेल्या राज्यांतल्या मक्याचं खत मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात जातं. तिथं दर उन्हाळ्यात प्राणवायू संपलेला पट्टा तयार होतो. २०१७ साली तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला. आपल्या बीदर जिल्ह्याच्या चौपट! आयोवाच्या शेतकऱ्यालाही समुद्र दिसत नाही.

आपल्या किनाऱ्यांवर गोव्यातली, दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था लक्ष ठेवून असते. पश्चिम किनाऱ्याजवळ पावसाळ्याच्या शेवटी खोल पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि खतांमुळं हे वाढत असावं, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी २००० सालीच मांडलं होतं. बंगालच्या उपसागराची गोष्ट जास्त नाजूक. तिथं मधल्या खोलीवर प्राणवायू निसर्गतःच फार कमी. २०१७ साली याच संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांना आढळलं की तो पूर्ण संपलेला नाही, अगदी नाममात्र शिल्लक आहे. वरून आणखी खत आलं तर तेवढाही संपेल, ही त्यांची भीती. गोदावरी आणि कृष्णा त्याच उपसागरात उतरतात.

एवढ्या लांबची भीती कुणाला वाटत नाही, हे मला कळतं. पण नायट्रेट समुद्रापर्यंत जायच्या आधी आपल्या अंगणात थांबतो. मांजरेचं पाणी हैदराबाद पितं, आणि आपल्यातल्या निम्म्या घरांचे भाऊबंद हैदराबादेत आहेत. त्याही आधी तो जातो जमिनीखाली. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात कर्नाटकातल्या तब्बल ४८ टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. आपल्यापेक्षा पुढं फक्त राजस्थान, तेही एका टक्क्यानं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. पण बाटलीच्या दुधात असलं पाणी मिसळलं तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, अंग निळसर पडतं. समुद्रातल्या माशाची आणि घरातल्या बाळाची तक्रार एकच, प्राणवायू मिळत नाही.

पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्यानं पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतो. साधा कँडलचा फिल्टरही तो काढत नाही. आरओ काढतो. गावाकडं म्हातारी माणसं आणि लहान पोरं बोअरचंच पाणी पीत असतील, तर दिवाळीला जाताना नायट्रेट तपासायच्या पट्ट्यांचं पाकीट घेऊन जा, ऑनलाइन मिळतं. बऱ्याच ग्रामपंचायतींत जलजीवन मिशनची पाणी तपासायची पेटीही असते, विचारून बघा. उसाच्या फडाशेजारची किंवा शौचखड्ड्याजवळची बोअर आधी तपासा. आकडा जास्त आला तर घरातल्या शेती बघणाऱ्या काकांना दाखवा. माती तपासून, युरिया एकदम न ओतता तीन-चार हप्त्यांत विभागून दिला तर कमी गोण्यांत तेवढंच पीक येतं, आणि कुठल्या शेतात आधी तूर किंवा सोयाबीन होती, म्हणजे तिथं आणखी कमी चालेल, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.