कुलूप प्रवाशाचे, जबाबदारी कोणाची?

सुट्ट्या आल्या की बसवनगुडीतल्या मराठी घरांतून एकच उपदेश ऐकू येतो: बॅगेला भक्कम कुलूप लावा, ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून घ्या, दागिने हातसामानात ठेवा. शेवटचा सल्ला रास्तच आहे. पहिल्या दोहोंमुळे मात्र चोरीची जबाबदारी नकळत प्रवाशाच्या गळ्यात पडते. माझा आक्षेप त्याला आहे.

चेनची बॅग बॉलपेनच्या टोकाने उघडता येते. नंतर कुलपासकट रनर फिरवला की ती पूर्ववत मिटते. अमेरिकी सुरक्षा यंत्रणेने मान्य केलेल्या कुलपांच्या किल्ल्यांचे छायाचित्र २०१४ साली वृत्तपत्रात छापले गेले आणि २०१५ मध्ये त्यावरून किल्ल्या तयारही झाल्या.

कायदा प्रवाशाच्या बाजूचा दिसतो. १९९९ च्या माँट्रियल करारात भारत २००९ मध्ये सामील झाला. त्यानुसार सोपवलेले सामान ताब्यात असताना झालेल्या नुकसानीला विमान कंपनी जबाबदार असते. देशांतर्गत प्रवासात भरपाईची मर्यादा २०,००० रुपये आहे. पण आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार केली नाही, तर दावाच उरत नाही. तक्रार केली, तरी बॅग कोठे उघडली गेली हे सिद्ध कसे करणार? देवनहळ्ळीला सोपवलेली बॅग अनेक हातांतून जाते. जून २०१८ पासून विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने चार टप्प्यांवर बॅगेची नोंद बंधनकारक केली. त्यातून बॅग पोहोचली की नाही हे कळते, उघडली गेली की नाही हे कळत नाही.

अर्थशास्त्राचा साधा नियम असा, की जोखीम ज्याला कमीत कमी खर्चात टाळता येते, त्याच्यावरच ती टाकावी. प्रवासी तो नव्हे. टपाल खात्याने विमा उतरवलेल्या पार्सलासाठी वजनाची नोंद आणि लाखेची मोहोर यांची पद्धत फार पूर्वीच घालून दिली. तेच तत्त्व येथे लावावे. काउंटरवर क्रमांकित सील लावावे आणि तो क्रमांक पावतीवर छापावा. सुरक्षेसाठी बॅग उघडणे अपरिहार्य असेल, तर जरूर उघडावी. पण आत चिठ्ठी ठेवून नवे सील लावावे. अमेरिकेत अशी चिठ्ठी ठेवली जातेच. चिठ्ठीविना तुटलेले सील आढळल्यास खुलासा कंपनीने करावा.

तोवर बॅग पट्ट्यावरून उचलताच तपासावी आणि लेखी तक्रार नोंदवल्याखेरीज विमानतळ सोडू नये. तक्रारी कागदावर आल्या नाहीत, तर प्रशासनाच्या दृष्टीने चोरी झालेलीच नसते.