गिटारवादकाचा पेशा

मुलाच्या हातीं गिटार दिसली कीं घरांत चिंता उत्पन्न होते. ‘ह्या तारा छेडून पोट भरेल काय?’ हा वडिलांचा प्रश्न, तर ‘वाजविण्यांत वाईट तें काय?’ हा मुलाचा प्रतिप्रश्न. आमच्या मतें दोन्ही प्रश्न रास्त असून त्यांचा विचार प्रत्यक्ष उदाहरणावरून करणें बरें.

गाण्याबजावण्याच्या पेशास कमी लेखण्याची खोड जुनी आहे. ती मोडावी म्हणून पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें; उत्तर आयुष्यांत ते आमच्या नाशिकांतच येऊन राहिले होते. ज्या गांवास त्यांचा सहवास लाभला, त्यानें तरी वाद्य परकें एवढ्याच कारणावरून वादकास उडाणटप्पू ठरवूं नये.

आतां मुंबईचे गिटारवादक श्री. महेश तिनईकर यांचें उदाहरण घेऊं. १९८४ सालीं तेथें ‘रॉक मशीन’ नांवाचें वाद्यपथक निघालें, त्याचे ते संस्थापक सभासद. त्या काळीं आपल्याकडील बहुतेक रॉक पथकें विलायती गाणीं हुबेहूब वाजवून टाळ्या मिळवीत. ह्या पथकानें मात्र, भाषा इंग्रजी ठेवूनही, स्वतः रचलेलीं गीतें श्रोत्यांपुढें मांडण्याचें धाडस केलें. १९८८ व १९९० सालीं त्यांचे दोन गीतसंग्रह निघाले. १९९३ सालीं पथकानें ‘इंडस क्रीड’ हें सिंधुनदाची आठवण देणारें नांव धारण केलें.

स्वतःचें बोलावें, हा बाणा ह्यापूर्वींच १९७६ च्या सुमारास लंडनांतील ‘पंक’ नांवाच्या उग्र संगीतानें उचलला होता. त्यांतील ‘द क्लॅश’ पथकाचे गायक व गिटारवादक जो स्ट्रमर यांचे वडील आपल्या लखनौस जन्मलेले. हातीं कौशल्य थोडें असलें तरी चालेल, पण उसनें बोलूं नये, अशी त्या मंडळींची समजूत होती. १९७८ सालीं लंडनांत वर्णद्वेषाविरुद्ध मोठा जलसा झाला, त्यांत हें पथक वाजलें. नुसता गोंगाट म्हणून हिणविलेल्या संगीतानेंही अन्यायाचा निषेध करितां येतो, हें त्यावरून दिसतें.

परंतु पोटाचा प्रश्न उरतोच. ‘इंडस क्रीड’ १९९७ सालीं विसर्जित झालें, तें पुन्हां एकत्र आलें २०१० सालीं, आणि नवा संग्रह निघाला २०१२ सालीं. मध्यें तेरा वर्षांचा खंड! नामांकित पथकाची ही कथा, तर नवख्यानें काय भरंवसा धरावा? म्हणून शाळा सोडून गिटारीमागें धांवणाऱ्यास आम्ही उत्तेजन देणार नाहीं. दुसरी विद्या हातीं असली म्हणजे संगीतास पोटासाठीं लाचार व्हावें लागत नाहीं.

तरी पालकांस आमची विनंति कीं, त्यांनीं वाद्य माळ्यावर टाकूं नये. ‘यांतून किती मिळेल?’ याबरोबरच ‘यांत तुझें स्वतःचें काय?’ हेंही मुलास विचारावें. दुसऱ्याचा निबंध उतरविणाऱ्यास शाळेंत शिक्षा होते; मग दुसऱ्याची गत जन्मभर घोकणाऱ्यास कलावंत कां म्हणावें? आरंभीं अनुकरण हवेंच. बोटांस घट्टे पडेपर्यंत रियाज हवा. पण विद्यार्थिमित्रहो, त्यापुढें एक तरी चाल अशी बसवा कीं जी ऐकून घरचीं माणसें म्हणतील, ‘ही आमच्याच मुलाची!’ ती साधीसुधी असली तरी चालेल. मात्र शेजाऱ्यांची झोंप मोडूं नका.