फुफाट्यात जरा दमानं

एप्रिल लागला की नांदगावच्या शिवारातल्या गाडीवाटांवर चार बोटं फुफाटा साचतो. कांद्याचे ट्रॅक्टर आणि पाण्याचे टँकर जाऊन जाऊन माती पिठासारखी होते. न्यायडोंगरीकडच्या, गिरणा धरणाच्या बाजूच्या अशा वाटांवर मी दोन वर्षांपासून हिमालयन ४५० चालवते. गाडी १९६ किलोची, सीट ८२५ मिलिमीटर उंच. माझ्या दोन्ही टाचा एकाच वेळी जमिनीला लागत नाहीत. त्यामुळे पाय टेकून सावरायची सोय मला पहिल्या दिवसापासून नव्हती. जे सावरायचं ते क्लचनं, गुडघ्यांनी आणि नजरेनं.

अशा मोठ्या गाड्या घेऊन शनिवार-रविवारी आमच्याकडे येणारे वाढलेत. त्यांचं येणं मला मनापासून आवडतं. वेगाबद्दल मात्र बोलायला हवं.

वाळूत वेग सोडायचा नाही, हा धडा प्रत्येकाला पहिल्यांदा मिळतो. तो खरा आहे. सैल वाळूच्या टेकडीवर मागचं चाक जागीच फिरलं की स्वतःचा खड्डा खणतं, आणि पुढचं चाक वर तरंगत राहायला गती लागते. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, २०२४ मध्ये हरिथ नोआनं तिथे रॅली-२ गट जिंकला. त्यांचे व्हिडिओ मीही पुन्हा पुन्हा पाहिलेत. पण डकार २०२० पासून सौदी अरेबियाच्या वाळवंटात होते आणि आमच्या फुफाट्याखाली मुरूम आहे. चाक रुतलं तरी चार बोटं, ओढ्याच्या उतारावर फार तर वीतभर. तिथे साठचा वेग कशाला? पेगवर उभं राहावं, टाकी गुडघ्यांत धरावी, हँडल सैल सोडावं, वजन किंचित मागे. दुसरा गिअर, पुढचा ब्रेक विसरायचा, ट्रॅक्टरची चाकोरी एकदा धरली की सोडायची नाही. टायरची हवा थोडी कमी केली की तो पसरतो आणि जमीन धरतो. ट्यूबचा टायर आहे, म्हणून फार कमी करू नये आणि डांबरीवर येताच हवा पुन्हा भरून घ्यावी. एवढं केलं की पंधरा-वीसच्या वेगानं गाडी नीट निघते. ती हळू चालवायला जोरात चालवण्यापेक्षा जास्त कसब लागतं, हे मी अनेकदा पडून शिकले.

पण मला खरं थांबवलं ते एका हाकेनं. पहिल्याच उन्हाळ्यात मी चाळीसच्या वेगानं एका बांधाकडेनं गेले. शेतात बाया ओळीनं बसून कांदे कापत होत्या. वळून पाहिलं तर त्या दिसेचनात, नुसता धुरळा. बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली होती. एक म्हातारी पदरानं झोळी झाकत ओरडली, "ओ ताई, जरा दमानं! लेकरू निजलंय." मी परत गेले, माफी मागितली. तिनं पाणी विचारलं. सकाळपासून कितीतरी गाड्या तशाच गेल्या होत्या, असं ती म्हणाली. कापलेल्या कांद्यावर, भाकरीच्या फडक्यावर, सगळ्यांच्या पापण्यांवर मातीचा थर होता.

ही वाट कुणाच्या हौसेसाठी पडलेली नाही. अडवलेली वहिवाट मोकळी करून घ्यायला शेतकरी १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे उभा राहतो, तारखांवर तारखा काढतो. त्या वाटेवर पहिला मान त्याच्या बैलगाडीचा. पाणंदी खडीच्या झाल्या तर आमची मजा जाईल, असं काही रायडर म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. मातोश्री पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली. तिच्यातून आमची प्रत्येक पाणंद पक्की झाली तर मला आनंदच होईल. पावसाळ्यात काळ्या चिखलात ट्रॅक्टर अडकून मका शेतातच राहतो, तेव्हा कुणाला मजा वाटत नाही.

गिरणेच्या कोरड्या पात्रात मात्र कुणी उतरूच नये, हळूसुद्धा नाही. वाळूउपशानं ते आधीच ओरबाडलं गेलंय. शिवाय मार्च ते मे हा टिटवीच्या अंड्यांचा काळ. ती घरटं बांधत नाही, उघड्या खड्यांतच अंडी घालते आणि ती खड्यांच्याच रंगाची असतात. गाडीवरून ती दिसणं शक्य नाही. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असं आमचे आण्णा म्हणायचे. आजही शिवारात जाणती माणसं ती अंडी शोधून पाहतात आणि हात न लावता परत येतात.

मागच्या रविवारी नाशिकच्या पाच जणांना मी वस्तीच्या अलीकडेच थांबवलं. हवा मोजायचा गेज दिला, पुढे कांद्याची काढणी चालू आहे म्हणून सांगितलं. एकानं विचारलं, "ताई, हळू म्हणजे नेमकं किती?" मी म्हटलं, "काट्याकडे बघू नका. आरशात बघा. मागच्याचा चेहरा दिसला पाहिजे."