कळ दाबली, पुढे काय?

शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेसाठी 'पॅनिक बटण' असावे, म्हणजे शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर एक ॲप किंवा गळ्यातल्या ओळखपत्रावर एक कळ असावी, ती दाबताच पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला ठिकाणासह निरोप जावा आणि शाळाभर दारे बंद करण्याचा इशारा व्हावा, ही कल्पना ऐकताक्षणी पटते. पटण्याजोगीच आहे. कळ असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप कळ बसवून सुरक्षिततेचा प्रश्न सुटला असे मानण्याला आहे, आणि त्याहूनही अधिक, तसे मानण्यात ज्यांची सोय आहे त्यांना आहे.

ही कल्पना कायद्याच्या रूपाने रुजली ती अमेरिकेत. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलंड येथील शाळेत एका माजी विद्यार्थ्याने १७ जणांना ठार केले. त्यांत अलिसा अल्हादेफ ही चौदा वर्षांची मुलगी होती. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून 'अलिसाज लॉ' आला : २०१९ मध्ये न्यू जर्सीत, २०२० मध्ये फ्लोरिडात, नंतर न्यूयॉर्क, टेक्सास आणि इतर राज्यांत. ज्यांचे मूल गेले त्यांनी असा कायदा मागावा, यावर बोट ठेवण्याचा अधिकार आम्हांलाच काय, कोणालाच नाही. प्रश्न त्यांच्या मागणीचा नाही. त्यांच्या अनेक मागण्यांपैकी राज्यकर्त्यांना नेमकी हीच एवढी गोड का लागली, हा आहे.

पार्कलंडमध्ये त्या दिवशी इशाऱ्यांचा दुष्काळ नव्हता. उलट, गोळीबारामुळे आगीची घंटा वाजली आणि वर्गांत सुरक्षित राहू शकली असती अशी मुले ती ऐकून बाहेर आली. शाळेत नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला. पुढे २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले. आणि सर्वांत मोठा इशारा तर कित्येक दिवस आधीच आला होता. ५ जानेवारी २०१८ रोजी त्या तरुणाला ओळखणाऱ्या कोणीतरी एफबीआयला फोन करून त्याच्याजवळ बंदुका आहेत आणि तो शाळेत गोळीबार करील अशी भीती वाटते, असे कळवले होते. तो निरोप मायामीच्या कार्यालयाकडे पाठवलाच गेला नाही, हे एफबीआयने स्वतः मान्य केले. चाळीस दिवस आधी दाबलेली ही कळ होती. ती दाबणाऱ्या माणसाकडे ॲप नव्हते म्हणून निरोप हरवला, असे कोणी म्हणेल काय?

याहून बोलके उदाहरण टेक्सासमधील युवाल्डीचे. २४ मे २०२२ रोजी तेथील रॉब प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. या शाळेत इशारा देणारे ॲप आधीपासून होते. टेक्सास विधिमंडळाच्या चौकशी समितीने जुलै २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात त्या ॲपचे काय झाले ते लिहून ठेवले आहे. मुख्याध्यापिकेने भ्रमणध्वनीवरून इशारा देण्याचा प्रयत्न केला, तर वाय-फाय धड चालेना. साध्या ध्वनिक्षेपकावरून घोषणा करता आली असती. ती झाली नाही. इशारा सर्व शिक्षकांपर्यंत वेळेवर पोचला नाही, आणि ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांच्यातही त्याचा धसका उरला नव्हता. कारण हे गाव मेक्सिकोच्या सरहद्दीजवळचे. बेकायदा स्थलांतरितांना घेऊन जाणाऱ्या गाड्यांचा पोलीस पाठलाग करीत, गाडीतली माणसे उतरून पळत, आणि प्रत्येक वेळी शाळांना इशारा जाई. त्या आधीच्या तीनेक महिन्यांत असे पन्नासच्या आसपास इशारे झाले होते. लांडगा आला रे आला ही गोष्ट ज्यांनी पोरांना शिकवायची, त्यांच्यावरच ती रोज गुदरत होती. आणि १११ क्रमांकाच्या वर्गाचे कुलूप नीट लागत नाही, हे शाळेत ठाऊक असूनही त्याच्या दुरुस्तीची साधी मागणीही नोंदवली गेली नव्हती.

तरीही क्षणभर असे समजू की ॲप उत्तम चालले असते. पुढे काय झाले असते? पोलीस तर ॲपवाचूनही तीन मिनिटांत इमारतीत शिरले होते. नंतर तिथे निरनिराळ्या दलांचे एकूण ३७६ अधिकारी जमले. वर्गात अडकलेली मुले दबक्या आवाजात ९११ क्रमांकावर फोन करून मदत मागत होती. आणि पहिले पोलीस आत आल्यापासून त्या वर्गाचे दार उघडले जाईपर्यंत सत्त्याहत्तर मिनिटांच्या आसपास वेळ गेला. निरोप पोचला होता, ठिकाण कळले होते, माणसे आली होती. यांतली एकही उणीव नव्हती की जी ॲपने भरून निघाली असती.

आता याच टेक्सासने पुढे काय केले ते पाहावे. मारेकऱ्याने अठरावा वाढदिवस झाल्याबरोबर कायदेशीरपणे रायफल विकत घेतली होती. म्हणून अशा रायफलींच्या खरेदीचे किमान वय २१ करावे, अशी मागणी घेऊन मृत मुलांचे आईबाप २०२३ च्या अधिवेशनात विधानभवनात खेटे घालीत राहिले. ते विधेयक समितीतून कसेबसे पुढे सरकले आणि सभागृहात मताला न येताच मेले. त्याच अधिवेशनात प्रत्येक वर्गात मूक पॅनिक बटण असावे हा कायदा मंजूर झाला. म्हणजे इच्छाशक्ती नव्हती असे नाही. कोणाला न दुखवणाऱ्या उपायापुरती ती भरपूर होती. पार्कलंडनंतर फ्लोरिडाने २०१८ मध्येच बंदूक खरेदीचे वय २१ केले होते, तेव्हा असे करता येतच नाही, ही सबबही टिकत नाही. ज्या देशात २०२० पासून मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हे आहे, तिथे कळ ही बंदुकीवरची तडजोड आहे, आणि तिचा भार शिक्षकाच्या गळ्यात अडकवलेला आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणेही मांडले पाहिजे. ४ सप्टेंबर २०२४ रोजी जॉर्जियातील अपालाची हायस्कूलमध्ये शिक्षकांकडे अशी कळ असलेली ओळखपत्रे आठवड्याभरापूर्वीच आली होती. त्यांनी ती दाबली, शाळेतले अधिकारी मिनिटांत पोचले आणि मारेकरी शरण आला. यामुळे आणखी जीव वाचले असणार, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण चार जण तरीही गेले. आणि ज्या मुलावर आरोप आहे, त्याच्या नावाशी जोडलेल्या इंटरनेटवरील धमक्यांबद्दल २०२३ मध्येच पोलीस त्याच्या घरी चौकशी करून गेले होते. कळ गोळी सुटल्यानंतरचे काम करते. त्याआधीच्या वर्षभराचे काम कोणाचे?

हा सर्व पसारा आपल्याकडे कशासाठी, असे वाचक विचारतील. आपल्या शाळांत, सुदैवाने, बंदुकीचे भय नाही. आपल्या शाळांतले भय निराळे आहे. आणि उपायांची आवड मात्र तीच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाला. चार वर्षांच्या मुलीने दाबायची कळ कोणती? तिने तिला येत होते ते केले : दुखते म्हणून घरी सांगितले. घरच्यांनी ऐकले. शाळेने ऐकायला हवे होते. पोलीस ठाण्यात तर पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती कळवलीच पाहिजे असे सांगतो. न कळवणे हाही गुन्हा ठरवतो. शाळाशाळांत सखी सावित्री समित्या स्थापन कराव्यात, हा शासन निर्णय २०२२ चा. हे सारे कागदावर होते. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडवून धरली, तेव्हा सरकारला ऐकू गेले. आणि लगोलग निघालेल्या आदेशात अग्रभागी काय होते? महिन्याभरात सीसीटीव्ही बसवा, नाही तर मान्यता जाईल. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्याकडे उगाच झालेली नाही.

यंत्राची ही ओढ का, हेही उघड आहे. यंत्राची निविदा काढता येते, उद्‌घाटन करता येते, किती शाळांत बसले याचा तक्ता विधानसभेत वाचून दाखवता येतो. मुलाचे बोलणे खरे मानून त्यावर त्याच दिवशी कृती करणारा मुख्याध्यापक, रिकामे न राहिलेले समुपदेशकाचे पद, पालकांना बसायला खुर्ची देऊन तक्रार लिहून घेणारा हवालदार, यांचे उद्‌घाटन होत नाही. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली चाइल्डलाइनची १०९८ ही सेवा आपल्याच शहरात जन्मली. तिचे तंत्र अगदी सामान्य होते : फोन वाजला की माणसाने उचलायचा, आणि मुलाकडे माणूस पाठवायचा. जे होते ते त्या माणसात होते.

तेव्हा उद्या कोणी आपल्या शाळेत ॲप विकायला आला, तर पालकांनी त्याला हाकलून देऊ नये. फक्त शाळेला आणि शासनाला चार प्रश्न विचारावेत. कळ दाबली की पलीकडे नेमके कोण आहे? त्याने काय करायचे ते ठरले आहे काय? त्याने ते केले नाही, तर जाब कोणाला विचारायचा? आणि गेल्या वर्षी एखाद्या मुलाने तोंडाने सांगितलेल्या तक्रारीचे काय झाले, त्याची नोंद दाखवता काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्या शाळेकडे नाही, तिने कळ विकत घेण्यापूर्वी ते शोधावे. त्याला निविदा लागत नाही.