विम्याची निवड ही खासगी बाब नाही

परदेशात शिकून तिथेच स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आपल्या मुलांच्या आरोग्य विम्याचा विषय काढला की दोन बाजूंनी विरोध होतो. शिकलेला तरुण म्हणतो, "कोणती पॉलिसी घ्यायची हा माझा प्रश्न आहे, चळवळीचा काय संबंध?" जुना कार्यकर्ता म्हणतो, "बर्लिनमध्ये लॅपटॉपवर काम करणाऱ्याची चिंता मारेगावात बसून कशाला? इथल्या मजुराचं बघा." दोघंही एकच चूक करतात. दोघांनाही वाटतं की विमा म्हणजे बाजारात मिळणारी वस्तू, ज्याच्या खिशात पैसा त्यानं घ्यावी.

इथल्या मजुराचंच आधी बघू. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पोहोचले. फवारणी करणारा माणूस आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. त्याला कायमचा मालक नाही, म्हणून ईएसआय नाही. ईएसआयमध्ये पगाराच्या पाऊण टक्का कामगार भरतो आणि सव्वातीन टक्के मालक. म्हणजे त्या विम्याचा मोठा भार मालकावर आहे. ज्याला मालकच नाही, त्याचा तो वाटा कोणी भरायचा?

फ्रीलान्सरचा प्रश्नही नेमका हाच आहे. त्याची कमाई जास्त आहे, अंगावर पंप नाही, हा फरक मोठा आहे, तो मी झाकत नाही. पण आजारी पडला की त्याच दिवशी कमाई थांबते आणि मालकाचा वाटा भरायला कोणी नसतं, इथे दोघं एका रांगेत उभे राहतात.

बाबासाहेबांनी या प्रश्नाला कसा हात घातला ते आपल्या पोरांना माहीत असायला हवं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवलं गेलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा त्या पायावर उभा राहिला. पण बाबासाहेब तिथे थांबले नव्हते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मांडलं की विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा घ्यायला राज्यानं भाग पाडावं. ते आयुर्विम्याबद्दल होतं, हे मान्य. तरी त्यातलं सूत्र बघा : प्रत्येक नागरिक, कमाईच्या प्रमाणात, जबाबदारी राज्याची. मालक आहे की नाही, हा प्रश्नच त्यात येत नाही. आपण या पुस्तकातला शेतीच्या राष्ट्रीयीकरणाचा भाग भाषणात सांगतो आणि विम्याचं कलम सोडून देतो. आपल्याच वस्त्यांत खासगी कंपन्यांचे एजंट झालेले कार्यकर्ते तर ते मुद्दाम सोडत असावेत.

आता जर्मनी. तिथे शिकायला जाणारी आपली मुलं वाढली आहेत, आणि निवडीचा खरा पेच तिथेच आहे. तिथे आरोग्य विमा सक्तीचा आहे. एक सार्वजनिक व्यवस्था, तिची मुळं बिस्मार्कच्या १८८३ च्या कायद्यात. दुसऱ्या बाजूला खासगी कंपन्या. सार्वजनिक विम्यात हप्ता उत्पन्नावर ठरतो. तुमचं वय काय, आधीचा आजार कोणता, हे विचारून हप्ता ठरत नाही. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. खासगी विम्यात हप्ता वय आणि तब्येत बघून ठरतो आणि घरातल्या प्रत्येकाचा वेगळा.

पंचविशीतल्या, धडधाकट, एकट्या पोराला खासगी विमा स्वस्त पडतो. सार्वजनिक विम्यात नोकरदाराचा अर्धा वाटा मालक भरतो, फ्रीलान्सरला पूर्ण भार एकट्यानं उचलावा लागतो. उत्पन्नाच्या सुमारे १४ टक्के, वर अतिरिक्त दर, वर शुश्रूषा विमा, आणि कमाई कितीही कमी असली तरी एक किमान हप्ता. हा भार जड आहे. म्हणून पोरं खासगीकडे वळतात. पण वय वाढतं, हप्ता वाढतो, लग्न होतं, मूल होतं, आणि परत फिरायचं म्हटलं तर वाट अरुंद झालेली असते. पंचावन्न वर्षांनंतर तर ती जवळपास बंदच. शिवाय 'एक्स्पॅट' नावानं स्वस्त पॉलिस्या विकल्या जातात, त्या व्हिसा वाढवताना चालतीलच याची खात्री नसते.

सार्वजनिक विमा कमावणारा आणि न कमावणारा, निरोगी आणि आजारी यांना एका ताटात बसवतो. खासगी विमा माणसं निवडून घेतो. कोणाला आत घ्यायचं, कोणाला जास्त पैसे लावायचे, कोणाला दारातून परत पाठवायचं, हे तो जन्मानं मिळालेल्या शरीरावरून ठरवतो. ही भाषा आपल्याला नवी नाही. विदर्भात सिकलसेल आपल्या घरोघरी ओळखीचा आहे, आदिवासींत आहे तसा बौद्ध समाजातही. रक्तातून आलेल्या या आजाराचं नाव खासगी कंपनीच्या अर्जात लिहिल्यावर काय होईल याचा विचार करा. आणि लपवू नका. लपवलेला आजार उघड झाला की दावा फेटाळायला कंपनीला कारण मिळतं.

पण सार्वजनिक विमा निवडता यायलाही वेळ साधावी लागते. विद्यार्थ्यांचा स्वस्त दर साधारण तिशीपर्यंतच असतो. शिक्षण सुरू होताना सार्वजनिक विमा नाकारला की ते शिक्षण संपेपर्यंत निर्णय फिरवता येत नाही. विद्यार्थी असताना जो आत होता, तो पुढे फ्रीलान्सर म्हणून आत राहू शकतो. जो बाहेरच होता, त्याला थेट फ्रीलान्सर म्हणून आत शिरणं फार कठीण.

मग आपली मुलं कोणत्या वयात पोहोचतात? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची वयोमर्यादा पदव्युत्तरसाठी ३५ आणि पीएचडीसाठी ४० आहे, आणि ती तशीच हवी. कारण आपल्याकडे मुलगा आधी धाकट्या बहिणीचं शिक्षण बघतो, दोन वर्षं कंत्राटी नोकरी करतो, कागदपत्रांसाठी वणी-यवतमाळच्या चकरा मारतो, आणि मग अर्ज करतो. एकतिसाव्या वर्षी जर्मनीत उतरतो तेव्हा विद्यार्थी-विम्याचं दार लागलेलं असतं. सवर्ण वर्गमित्र तेविसाव्या वर्षी त्याच दारातून आत गेलेला असतो. जात इथे कोणी विचारली नाही, तरी तिनं आपलं काम केलं. याला तुम्ही वैयक्तिक निवड म्हणणार?

लेखन, पत्रकारिता, चित्रकला, संगीत, डिझाइन यांत काम करणाऱ्यांनी एक नाव लक्षात ठेवावं : क्युन्स्टलरसोझियालकासे. १९८३ पासून चालणारी ही व्यवस्था स्वतंत्र कलावंत-लेखकांच्या वाट्याला मालकाचा अर्धा हिस्सा भरते. तो पैसा काही सरकारकडून येतो, काही त्यांचं काम वापरणाऱ्या कंपन्यांकडून. मालक नसला तरी मालकाचा वाटा वसूल करता येतो, याचा चाळीस वर्षांहून जुना पुरावा. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्लॅटफॉर्म कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायची तरतूद आहे. संहिता लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. आणि फवारणीवाला कोणत्याच ॲपवर नाही.

इंग्लंडचं गणित सरळ आहे. व्हिसासोबतच आरोग्य अधिभार भरायचा, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर १,०३५, आणि एनएचएस वापरायची. आखातात जाणाऱ्या दहावी न झालेल्या मजुराला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दहा लाख मिळतात ते अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वाला. उन्हात काम करून खोलीवर झोपेतच गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी काय करायचं?

परदेशातल्या पोराचा अर्धा जीव इथल्या आईबापात असतो. त्यांच्यासाठी ऑनलाइन खासगी पॉलिसी काढून तो मोकळा होतो. पण आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, हे बहुतेकांना दवाखान्यात कळतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही अट नाही. २०२३ च्या निर्णयानं कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना प्रवेश मिळाला. तिच्या मर्यादा आहेत : ठरलेले उपचार, ठरलेली रुग्णालयं, आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च घरचाच. तरीही आधी आईवडिलांचं कार्ड काढा, मग पॉलिसीचं बघा. कार्ड नाकारलं तर तक्रार लेखी करा.

शाहू शिष्यवृत्तीत विम्याचा खर्च धरलेला आहे. पण कोणता विमा घ्यावा, तिशीची अट काय, शिष्यवृत्ती संपल्यावर काय, हे निवडपत्रासोबत मराठीत एका पानावर द्यायला समाजकल्याण आयुक्तालयाला किती खर्च येईल? निवड यादी प्रवेशाच्या आधी लागली तर काही मुलं तिशीच्या आत पोहोचतील. या दोन मागण्यांचं निवेदन तयार आहे. ज्यांना सही करायची त्यांनी करावी, आणि जे तिकडे पोहोचले आहेत त्यांनी आपल्या देशाचे नियम लिहून पाठवावेत, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी ते एकत्र करायचे आहेत.